‘नाही’ म्हणायची सोय

गुरुजी : तू जायला माझी ना नाही. पदवी घेतलीस, बी.एड. केलंस. इथं शिक्षकभरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसण्यापेक्षा परदेशात दोन वर्षं शिकवून आलास तर पदरात काही पडेल. माझी अडचण पुढची आहे. तुला पाठवतंय चर्च, शाळा चर्चची, तुझा खर्च चर्च करणार आणि तिथली पोरं गरिबाची. सोमवार ते शुक्रवार तू गणित आणि इंग्रजी शिकवशील. रविवारी काय करशील? खडू धरणाऱ्या हातातच बायबल दिसलं की पोराला दोन्ही एकच वाटायला लागतात. दोनशे वर्षांपूर्वी तिकडचे पदवीधर आपल्याकडं हेच करायला आले. आता पेडगावचा पदवीधर तिसऱ्याच मुलखात तेच करायला निघालाय. जे आपल्यावर झालं ते आपण दुसऱ्यावर करायचं, हे मला खटकतं.

पदवीधर : गुरुजी, आपल्यावर नेमकं काय झालं, ते आधी नीट मांडू या. 1806 साली अमेरिकेत विल्यम्स कॉलेजातली पाच पोरं पावसात गवताच्या गंजीआड बसली आणि परमुलखात धर्म सांगायला जायचं त्यांनी ठरवलं. त्याच कॉलेजातून 1808 साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला. कंपनी सरकारला तो नकोच होता. परत जायचा हुकूम त्याच्या हातात पडला होता. तरी तो राहिला, मराठी शिकला, त्यानं आणि सोबत्यांनी शाळा काढल्या. 1826 साली नाशिककडून परतताना वाटेतच पटकीनं गेला, वय एकेचाळीस. दुसरी, सिंथिया फॅरार. 1827 साली एकटी, बिनलग्नाची आली आणि 1862 साली अहमदनगरलाच वारली. तिथली तिची मुलींची शाळा बघून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढायचं सुचलं, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. जोतीराव शिकले तेही स्कॉटिश मिशनच्या शाळेत. शाळा त्यांनी घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही; 1873 साली स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. खडू आणि बायबल एका हातात असूनही शिकणाऱ्याला दोन्ही वेगळं करता येतं, याला याहून मोठा दाखला कुठून आणू?

गुरुजी : दाखला मोठा आहे, म्हणूनच तो कामाचा नाही. फुले शेकड्यात एक नव्हते, शतकात एक होते. नियम बांधायचा तर वर्गातलं साधं पोर धरून बांधावा. 1843 सालचं मुंबईचं प्रकरण बघ. नारायण शेषाद्री हा ब्राह्मणाचा मुलगा, मिशनच्या शाळेत शिकलेला, ख्रिस्ती झाला. तो जाणता होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा धाकटा भाऊ श्रीपत कोवळा पोर. तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला, त्यांच्यात जेवला. बाप कोर्टात गेला, कोर्टानं पोरगं परत दिलं. पुढं त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर ब्रह्मवृंदाचं रण पेटलं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूनं उभे राहिले, तर त्यांच्यावरही लोक उलटले. शाळा, कोर्ट, शास्त्री यांच्या ओढाताणीत ते पोर सापडलं. त्याला काय हवं होतं हे त्याला तरी कळत असेल का? मास्तरवर जीव जडला की पोराला मास्तरचं सगळंच खरं वाटतं. मीही खेड्यातला मास्तरच होतो म्हणून सांगतो. मी सांगितलेल्या कितीतरी खोट्या गोष्टी माझ्या पोरांनी खऱ्या धरल्या असतील.

पदवीधर : श्रीपतच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पटतं. जाणत्या वयाआधी पोराला धर्माचं विचारू नये, हा नियम मी पाळीन. पण त्याच्या थोरल्या भावाची गोष्ट अर्धी सोडू नका. नारायण शेषाद्री पुढं आपल्याच भागात आले, जालन्याला. सालारजंगाकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. त्या वस्तीत कोण राहायला गेलं? ज्यांना गावच्या विहिरीवर दोर टाकायची बंदी होती ते मांग आणि महार. माझा पणजोबा त्यातलाच. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘बस’ म्हणालं, आणि जिथं बसायला सांगितलं ती जागा उंबऱ्याच्या आत होती. तुम्ही म्हणता, मास्तरच्या मायेनं पोराची अक्कल झाकोळली असेल. आमच्यावर माया करायला दुसरं कोण रांगेत उभं होतं?

गुरुजी : हे वर्मावर बोट आहे, आणि त्याला उत्तर देताना मी वेड पांघरून पेडगावला जाणार नाही, राहतोच इथं. जे आपल्या माणसांनी करायला हवं होतं ते केलं नाही, ही लाज आमची. पण आमच्या लाजेनं त्यांचा हेतू धुवून निघत नाही. 1896-97 चा दुष्काळ, पाठोपाठ 1899-1900 चा. नगर जिल्ह्यात काय, निजामाच्या मुलखात काय, पोटात अन्न नाही, आणि मिशनच्या अंगणात कामही मिळतंय, धान्यही मिळतंय. त्या काळात बाप्तिस्मे वाढले, हे मिशनचे लोकही लपवत नव्हते. उपाशी माणसाचा होकार हा होकार धरायचा का? भुकेल्याला भाकरी द्यावी, जरूर द्यावी. पण भाकरीच्या ताटाशेजारी नोंदवही ठेवू नये.

पदवीधर : नोंदवही ठेवू नये, मान्य. पण गुरुजी, दुष्काळ दोन वर्षांत संपतो. भाकरीसाठीच गेलो असतो तर पाऊस पडल्यावर परत आलो असतो. सव्वाशे वर्षं कोण थांबतं? आणि थांबण्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूपुरती ठेवली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध आले. आम्ही बाहेरच. माझ्या चुलत्याबरोबर शिकलेला, त्याच वस्तीतला, त्याच जातीचा पोरगा दाखल्यावर नोकरीला लागला, चुलता लागला नाही. गाव आमची जात कधी विसरलं नाही. विसरला तो फक्त सरकारी कागद. ‘भाकरीसाठी विकले गेले’ असं म्हणताना लोक हिशेबाचं दुसरं पान उलटत नाहीत. आम्ही भाकरी सोडून राहिलोय.

गुरुजी : आणि तिसरं पान? कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आहे आणि भिंतीवर दुसरा. मी दोष देत नाही; पोरांचं शिक्षण बघायचं तर माणूस आणखी काय करणार. पण तुझ्या बोलण्यातूनच माझा मुद्दा धारदार झाला बघ. मी आतापर्यंत विचारत होतो, होकार खरा होता का. तू म्हणतोस, खरा होता, त्याची किंमत आम्ही भरली. बरं, मानलं. तर मग विचारतो, भरली कुणी? होकार ज्यानं मागितला तो बोस्टनच्या किंवा स्कॉटलंडच्या बोटीत बसून घरी गेला. मायदेशात त्याचा सत्कार झाला, अहवालात आकडा चढला. दाखल्याच्या खिडकीपुढं उभा राहिला तुझा चुलता. तूसुद्धा दोन वर्षांनी विमानात बसणार आहेस. तिथल्या एखाद्या पोरानं तुझ्याकडं बघून काही ठरवलं, तर घरातलं वैर, गावातलं बोलणं, तिथल्या सरकारचा कागद हे सगळं तो एकटा निस्तरणार.

पदवीधर : सगळेच परत गेले नाहीत. हॉल आणि फॅरार याच मातीत आहेत. पण ठीक, माझ्यासारखा दोन वर्षांचा पाहुणा त्यांच्या पंक्तीत बसत नाही, हे कबूल. तरी मी विचारतो, जोखीम आहे म्हणून दुसरी वाट दाखवायचीच नाही का? मग मुलीला शाळेत घालायलाही सांगायला नको. तिच्याही घरात वैर पेटतं.

गुरुजी : वाट दाखवावी. फक्त ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही वाट शिल्लक ठेवावी. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोल्हापूरचं आहे. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी तिथं वर्षानुवर्षं होते. ते मायदेशी गेल्यावर गोपाळराव जोश्यांनी त्यांना पत्र लिहिलं : बायकोला, आनंदीबाईला, अमेरिकेत शिकवायचंय, माझ्यासाठी काही काम बघा. वाइल्डरसाहेबांच्या उत्तराचा सूर असा, की आधी ख्रिस्ताकडं या, मग बघू. जोशी नवरा-बायकोनं नकार दिला. नकार दिल्याबरोबर दार बंद. आता तू मला सांग, हा माणूस वाईट होता का? नव्हता. उभी हयात आपल्याकडं घालवलेला माणूस. पण एका मुलीला डॉक्टर व्हायचंय, एवढी साधी मागणी त्याला सुटी करून बघताच आली नाही. ज्याला सांगायची घाई असते त्याला ऐकू कमी येतं.

पदवीधर : गोष्ट तिथं थांबत नाही ना. तो पत्रव्यवहार वाइल्डरनी स्वतःच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’त छापला. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर दात दाखवायला गेल्या होत्या, तिथं बसल्या बसल्या तो अंक त्यांनी चाळला. त्याही ख्रिस्तीच. त्यांनी अट न घालता पत्र धाडलं आणि आपल्या घरात आनंदीबाईंना जागा दिली. 1883 मध्ये निघण्याआधी सेरामपूरच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर सांगितलं, हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन; आणि ते सभागृह मिशनऱ्यांनीच काढलेल्या कॉलेजचं. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. म्हणजे दार बंद करणारा धर्म आणि दार उघडणारा धर्म एकच, मासिकही एकच. तुम्ही वाइल्डरवरून माझी परीक्षा घ्याल, तर मी कार्पेंटरबाईंचं नाव सांगेन.

गुरुजी : सांग. फक्त एक लक्षात घे : कार्पेंटरबाई कुठंही गेल्या नाहीत. आपल्या घरी राहिल्या आणि आलेल्या पोरीला घरात घेतलं. जाणारे कोण होते? त्याच 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. त्यात याच वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट, जन्म कोल्हापूरचा, प्रिन्स्टनमधून नुकतीच पदवी घेतलेला. मेळावा संपेपर्यंत शंभर पोरांनी परदेशी मिशनरी व्हायची तयारी लिहून दिली. पुढच्या वर्षात रॉबर्ट आणि एक सोबती कॉलेजामागून कॉलेजं हिंडले आणि दोन हजारांवर सह्या गोळा करून आले. 1888 साली त्याची रीतसर चळवळ झाली. ईर्षा ही, की याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता पोचली पाहिजे. आता दोन्ही शेजारी ठेवून बघ. कोल्हापुरात जन्मलेला पदवीधर तिकडं सह्या घेत हिंडतोय, आणि तिकडं पदवी घेतलेली आपली पोर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूक घेऊन परत येतेय. ती 1887 च्या फेब्रुवारीत क्षयानं गेली, कामावर रुजूही होता आलं नाही. तिच्याकडं सांगायला सिद्धांत नव्हता. बायकांचं दुखणं बाईनं बघावं, एवढंच होतं. कुणाचं जाणं सरस?

पदवीधर : सरस तिचंच, यात दुमत नाही. पण तिला कुणी अडवलं नसतं तरी ती एकटी होती, आणि रॉबर्टच्या वहीत दोन हजार होते. हजारांनी माणसं उठवायची तर एखादी जबरी श्रद्धा लागते. त्या दोन हजारांतले कितीतरी नुसते उपदेशक झाले असतील. पण त्याच लाटेच्या काळात डॉक्टर आले, नर्सा आल्या, शाळा आल्या. 1889 साली आलेल्या विल्यम वॉनलेसनी मिरजेत इस्पितळ उभं केलं, आणि आपल्याकडचे बाप-आजे दुखणं हाताबाहेर गेलं की ‘मिरजेला न्या’ म्हणायचे. श्रद्धा काढून घ्या आणि मग सांगा, त्या काळात शिकलेला परदेशी डॉक्टर मिरजेला कशाला राहिला असता? हे आजही खरं आहे. आपल्याकडचे पदवीधर परदेशी जातात ते डॉलरसाठी. त्यांना कुणी विचारत नाही, तुझा हेतू शुद्ध आहे का. कमी खर्चात शिकवायला जाणाऱ्यालाच तेवढी उलटतपासणी.

गुरुजी : कारण डॉलरवाला कुणाचं मन मागत नाही. पण तुझ्या बाजूचं एक नाव तू अजून घेतलं नाहीस, ते मीच घेतो, कारण त्यात तुझी बाजूही आहे आणि माझीही : पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्या ख्रिस्ती झाल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला लागल्या, म्हणजे मराठी बाई परदेशात शिक्षिका. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईंनी उलट सुनावलं, की माझा विवेक मी कुणाकडं गहाण टाकलेला नाही. धर्म घेतला, हुकूम घेतला नाही. हे मला फार आवडतं. पण पुढं 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर पुण्यात आणलं. विधवांची शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचा करार. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. मुली येऊन बसायला लागल्या. 1893 मध्ये त्यावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकर बाहेर पडले. बाईंनी कुणाला हाक मारली नव्हती. तरी सांग, जिचं डोकं घरच्यांनी भादरलं आणि जिला फक्त याच बाईनं जवळ केलं, त्या मुलीला ते उघडं दार नुसतं दार वाटेल का?

पदवीधर : नाही वाटणार. पण मग बाईंनी काय करायचं होतं, दार लावून घ्यायचं? स्वतःच्या घरात देवाचं नाव घेताना कडी घालायची? मुलींना आत यायची बंदी केली असती तर तीही जबरदस्तीच झाली असती. आणि त्या मुली म्हणजे श्रीपत नव्हत्या. त्यांतल्या काही जाणत्या होत्या, घर सोसून आलेल्या होत्या. त्यांना स्वतःचं ठरवता येत नाही असं म्हणणारे जे होते, त्यांतल्याच अनेकांना त्या मुलींनी पुन्हा लग्न करावं हेही पटत नव्हतं. विधवेला मन असतं हे ती देवळात गेली की विसरायचं आणि चर्चमध्ये गेली की आठवायचं, हा कुठला न्याय?

गुरुजी : न्याय नाहीच. याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. दार लावलं तर खोटेपणा, उघडं ठेवलं तर ओढ. जिच्या हातात पोळी आहे तिचं गप्प बसणंही बोलण्यासारखं असतं, एवढंच मी म्हणतो. म्हणून पोळी देणारे हात एकाहून जास्त पाहिजेत. आनंदीबाईंना ‘नाही’ म्हणता आलं, कारण वाइल्डर एकच दार नव्हतं, दुसरं उघडलं. तुझ्या पणजोबाला दुसरं दार नव्हतं. त्यात त्याचा दोष नाही आणि मिशनचाही पूर्ण नाही. आम्ही सगळ्यांनी आमची दारं लावून घेतली होती. पण त्यामुळं त्याच्या होकाराचा पूर्ण अर्थ कुणालाच कधी कळणार नाही.

पदवीधर : तो अर्थ आम्ही जगून लावलाय गुरुजी. पण मुद्दा घेतो. आता मी एक विचारू? 1929 साली ब्रिटिश हद्दीतून एक एम.ए. झालेले गृहस्थ निजामाच्या मुलखात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेवर मास्तर म्हणून आले. संन्यास घेतला, स्वामी रामानंद तीर्थ झाले, पुढं अंबाजोगाईला गेले. पोरांना त्यांनी नुसतं व्याकरण शिकवलं का? त्यांच्या हाताखालची पोरं निजामाविरुद्ध उभी राहिली, तुरुंगात गेली, काहींनी जीव दिले. आई-बापांना विचारून? निजाम सरकारला तोही परमुलखातला मास्तरच, पोरांची मनं फिरवणारा. त्यांना आपण वंदन करतो. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक फक्त एवढाच का, की त्यांचं सांगणं तुम्हाला पटलं आणि माझं पटत नाही?

गुरुजी : फरक आहे. 1938 च्या सत्याग्रहात ते स्वतः तुरुंगात गेले, नुसतं पोरांना पाठवलं नाही. पोरांनी जी किंमत मोजली ती त्यांनीही मोजली आणि शेवटपर्यंत इथंच राहिले. ...पण खरं सांगायचं तर हा फरक पुरा नाही. तो जोखमीचा फरक झाला, हक्काचा नाही. पोराचं मन वळवायचा हक्क त्यांना कुणी दिला? मला तरी कुणी दिला होता? आठवीतल्या पोरीचं लग्न ठरलं की मी बापाच्या दारात जाऊन बसायचो, भांडायचो. बाप म्हणायचा, मास्तर, तुम्ही हिशेब शिकवा, आमच्या घरात कशाला? मी ऐकलं नाही. मला कुणी मिशनरी म्हटलं नाही, कारण माझी नेमणूक जिल्हा परिषदेची होती. नेमणुकीचा कागद म्हणजे हक्क नव्हे, एवढं मलाही कळतं.

पदवीधर : मग कुणाचंही काही बदलावं असं ज्याला वाटत नाही तोच शुद्ध मास्तर, असं ठरतं. असा कुणी तुम्ही बघितलाय?

गुरुजी : बघितलेत, पुष्कळ. पगार घेतात, पाट्या टाकतात, कुणाच्या मनाला धक्का लावत नाहीत. तसा तू होऊ नयेस असंच मला वाटतं, आणि इथंच माझी गोची आहे. पोरांना दे ते सगळ्यांना सारखं दे, प्रार्थनेला येणारा आणि न येणारा तुझ्या वहीत एका ओळीत असू दे. हे मी सांगू शकतो आणि तू पाळशील. पण तुझ्या डोळ्यांतली ओढ तू झाकू शकणार नाहीस, आणि झाकलीस तर चांगला मास्तर राहणार नाहीस. राहता राहिलं तिसरं वर्ष. तू परत आलेला असशील, पोर तिथंच असेल. त्यानं ‘हो’ म्हटलं असो की ‘नाही’, त्याच्या पाठीशी तेव्हा कोण?

पदवीधर : चर्चकडं विचारलं तर म्हणतील, पुढचा शिक्षक येईल. ते उत्तर पुरं नाही, हे मलाही दिसतं. दोन वर्षांच्या कराराला तिसऱ्या वर्षाची जबाबदारी चिकटवता येत नाही, आणि ती घेतल्याशिवाय जाणं अर्धवट आहे. पण जबाबदारी पुरी घेता येत नाही म्हणून कुणी गेलंच नसतं, तर पणजोबा उंबऱ्याबाहेरच राहिला असता.

गुरुजी : आणि सगळेच निःशंक मनानं गेले असते तर आनंदीबाई घरीच राहिल्या असत्या. तू जा. शिफारसपत्र मी देतो. फक्त त्यात ‘सच्छील व कष्टाळू’ याच्या खाली मी आणखी एक वाक्य लिहिणार : या शिक्षकाला प्रश्न विचारण्याची मुलांना सवय लावावी, धर्माबद्दलसुद्धा. ते वाक्य वाचून चर्चनं तुला नाकारलं तर समज, तिथं ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

पदवीधर : आणि स्वीकारलं तर?

गुरुजी : तर सोय कागदावर आहे, एवढंच कळेल. वर्गात आहे का, ते कळायला तुला तिथं एखाद्या पोराचा नकार ऐकावा लागेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याची वही पहिल्यासारखीच तपासावी लागेल.